जाळी कशात धुवायची

आमच्या भागात हरळीचं आणि माणसाचं पिढ्यान् पिढ्या वैर आहे. काळ्या रानात ती एकदा शिरली की निघता निघत नाही. माझ्या वडिलांचे निम्मे उन्हाळे तिच्यामागं गेले. कुदळीनं हातभर खणायचं, मुळ्या वेचायच्या, बांधावर वाळवून जाळायच्या, आणि पाऊस झाला की पुन्हा तीच हरळी, तितकीच हिरवीगार. म्हणून मला परभणीत सरकारी बंगल्याच्या बागेत काम लागलं आणि वडील पेडगावहून पहिल्यांदा बघायला आले, तेव्हा जे झालं ते व्हायचंच होतं. मी नळी धरून उभा होतो.

"काय करायलास?"

"पानी घालायलोय."

"कशाला?"

"हरळीला."

वडील पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आन् वाढल्यावर?"

"कापायची. मशीननं."

"मंग?"

"मंग परत पानी."

ते हसले नाहीत. त्या हिरव्या चौकोनाकडं बघत म्हणाले, "हे कुनाला सांगू नगंस गावात." मग चहा न घेताच निघाले.

परभणी मुंबई राज्यात गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही हकीकत. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती, पण कचेऱ्यांना ते हळूहळू कळत होतं. बंगल्याच्या फाटकावरची पाटी आधी उर्दूत होती, मग इंग्रजीत झाली आणि त्या वर्षी मराठीत रंगवली. रंगाऱ्यानं जुनी अक्षरं खरवडली नव्हती, त्यामुळं ऊन तिरपं आलं की तिन्ही दिसायची. मी चोवीस वर्षांचा, मराठी सातवी पास, लग्न झालेला, रोजंदारीवरचा माळी. स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. आता सत्तरी उलटली तरी घरातली माणसं मला "जरा टेका की" म्हणतात, आणि मला त्यांचा राग येतो.

गवत कापायची मशीन रेल्वेनं आली होती, लाकडी खोक्यात, भुश्शात बसवून. दोन चाकं, मागं दांडा, पुढं पाती आणि वर कोंबडीएवढं एक पेट्रोलचं इंजिन. दोरी गुंडाळून हिसका दिला की सुरू व्हायचं. आख्ख्या परभणीत तसली दुसरी नसावी. पहिले काही दिवस फाटकाबाहेर माणसं उभी राहायची, आणि टांगेवाले घोडे थांबवून बघायचे. मला ती हातात घ्यायची इतकी घाई की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पण मशीन माझ्या हातात नव्हती. ती उस्तादांच्या हातात होती.

उस्ताद साठीकडं झुकलेले. जुन्या राज्यात एका जहागीरदाराच्या मोटारी त्यांनी सांभाळल्या होत्या. जहागीर गेली, मोटारी विकल्या गेल्या, आणि उस्ताद बंगल्यावर आले. विहिरीवरचा पंप, विजेचं जनित्र, साहेबांची जीप आणि आता ही मशीन, सगळं त्यांच्याकडं. मी पाटलांचा नाही, सात पिढ्यांत कुणी पाटीलकी केलेली नाही, तरी ते मला पाटील म्हणत. का, तर मी काम करण्याआधी हुकूम सोडतो म्हणून. बोलायचे दखनीत. मला ती कानानं पुरी यायची आणि तोंडानं अर्धी, म्हणून ते दखनीत बोलायचे, मी मराठीत बोलायचो, आणि आमचं त्यात काही अडायचं नाही.

त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता. इंजिनाच्या कडेला एक पत्र्याची गोल डबी होती, हाताच्या मुठीएवढी. तिच्यात बारीक तारांचा गुंता भरलेला. इंजिन त्या डबीतून हवा ओढायचं. हवेबरोबर येणारी धूळ तारांवरच्या तेलाला चिकटून राहायची आणि आत स्वच्छ हवा जायची. उस्ताद त्या गुंत्याला हवा की जाली म्हणायचे. प्लग, कार्बोरेटर, पाती, याला मला कधीमधी हात लावू द्यायचे. जाळीला नाही.

"सारा इंजन तू देख," ते म्हणायचे, "जाली मैं देखतूं."

"पर का उस्ताद? एवडुशी तर हाय."

त्यावर एकदा त्यांनी आपला रुमाल हौदात बुडवला, न पिळता माझ्या नाकातोंडावर दाबून धरला आणि म्हणाले, "ले साँस." मी दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा हातपाय झाडले. रुमाल काढून ते म्हणाले, "इंजन कू भी ऐसाच होता." आणि जीप पुसायला निघून गेले. मला धडा कळला आणि राग पण आला. रुमाल धुतलेला नव्हता.

जाळी ते रोज पहाटे साफ करायचे, मी यायच्या आधी. मी पोचायचो तेव्हा ती पंपाच्या खोलीबाहेर खिळ्याला टांगलेली असायची आणि तिच्यातून तेलाचे थेंब सावकाश खालच्या डब्यात गळत असायचे. ते निथळून झाल्याशिवाय उस्ताद ती बसवत नसत. मी म्हणायचो, झटका ना जरा, निथळेल लवकर. ते माझ्याकडं असं बघायचे की मी झाडू उचलून चालू लागायचो. म्हणजे जाळीतून तेल गळतं हे मी रोज बघत होतो. त्याआधी ती कशात धुतात, हे मी कधी बघितलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

वैशाखात उस्तादांच्या धाकट्या मुलीचं लग्न पाथरीला ठरलं. त्यांनी आठ दिवसांची रजा घेतली. नेमक्या त्याच आठवड्यात मुंबईहून कुणी मोठे साहेब बंगल्यावर उतरणार असं कळलं, आणि आमच्या साहेबांनी हुकूम काढला की हरळी रोज कापायची. उस्तादांनी मला मशीन सोपवली. दोरी कशी ओढायची, पेट्रोल कुठपर्यंत भरायचं, सगळं दोनदोनदा सांगितलं. जाळीचं जाताना सांगतो म्हणाले. मी त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन यष्टीच्या तळावर गेलो. बायको-मुलं पुढं गेलेली होती, हे एकटेच मागं राहिले होते. गाडी उभी, पण इंजिन चालू ठेवलेलं, कारण बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा ड्रायव्हरला भरवसा नव्हता. ट्रंक टपावर चढवून मी खाली उतरेस्तोवर गाडी हलली. उस्तादांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"जाली रोज धो! मिट्टी के तेल में धो! सुका को फिर..."

पुढचं भोंग्यात गेलं. मी हात वर करून ओरडलो, "हौ, हौ!"

ते काय बोलले ते मी आज बरोबर लिहिलं, कारण मला ते नंतर कळलं. त्या दिवशी माझ्या कानात शिरलं ते असं: मीठे तेल में धो. मिट्टीचं तेल म्हणजे राकेल; त्यात धुवून, वाळवून मग इंजिनाचं तेल लावायचं होतं. पण आमच्या घरात, आमच्या गावात राकेलला राकेलच म्हणायचे. मिट्टीचं तेल हा शब्द मी तोवर कधी ऐकला नव्हता. मीठं तेल मात्र बाजारात रोज ऐकायचो. मीठं तेल म्हणजे गोडं तेल, खायचं तेल, आणि आमच्याकडं खायचं तेल म्हणजे करडीचं.

मला शंका आली का? किंचित आली. पण आईनं दाराच्या बिजागरीपासून शिवणाच्या मशीनपर्यंत सगळ्याला करडीचंच तेल घातलेलं मी बघितलं होतं, आणि खिळ्याला टांगलेली ती जाळी तेलानं चमकताना रोज दिसायचीच. शिवाय कुणाला विचारायचं म्हणजे थांबायचं. घरी गेलो, फडताळातली तेलाची बाटली काढली आणि कागदात गुंडाळून बंगल्यावर नेली. गावच्या घाण्याचं तेल होतं ते, आईनं पाठवलेलं. सरकारच्या मशीनला आपण घरचं चोख तेल देतोय म्हणून मला वर अभिमानच वाटत होता.

पहिल्या दिवशी मशीन सुरेख चालली. दुसऱ्या दिवशी पण. मी जाळी करडीच्या तेलात खळबळून काढायचो, आणि "सुका को" म्हणाले होते म्हणून पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर भर उन्हात ठेवायचो. वैशाखातला पत्रा, त्यावर भाकरी भाजली असती. तिसऱ्या दिवशी मशीनच्या नळीतून काळा धूर यायला लागला. चौथ्या दिवशी ती चार पावलं चालायची आणि गुदमरून बंद पडायची. पुन्हा दोरी, पुन्हा हिसका. दोरी ओढून ओढून माझ्या तळव्याला फोड आले, ते फुटले, मी फडकं गुंडाळलं आणि पुन्हा ओढायला लागलो. प्लग पुसला. पेट्रोल बदललं. मशीनला लाथ घातली. निम्मी हरळी कापलेली, निम्मी वाढलेली, न्हाव्यानं अर्धी दाढी करून उठून जावं तसं ते मैदान दिसायचं. आणि मुंबईचे साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते.

दुपारी भाकरीला घरी गेलो, ते जाळी हातात घेऊनच. बायको आधीच तापलेली होती.

"अवं, शिलकीची तेलाची बाटली कुटं हाय? कालपस्नं हुडकायले मी."

मी सांगितलं. तिनं माझ्या हातातून जाळी ओढून घेतली, नखानं एक तार खरवडली. नखाखाली पिवळा, चिवट पापुद्रा आला. त्यात काळी माती गच्च बसलेली.

"करडीचं तेल उनात ठिवलं तुमी? कढईच्या काठाला बगा कसं चिकटा धरतंय ते. राळ झाली की हेची. येवडं बी कळत न्हाई व्हय सरकारी मानसाला?"

गरम पाणी आणि शिकेकाई घेऊन दोघांनी ती घासली. काठावरचं निघालं, आतलं निघेना. संध्याकाळ व्हायच्या आत मैदान कापून व्हायला हवं होतं. घरात बसवेना, उभं राहवेना. मी तसाच बंगल्यावर परतलो आणि चालता चालता मला वाटलं, हवाच मिळत नाही ना हिला? मग जाळी ठेवायचीच कशाला? डबीत जाळी न घालता मी नुसतं झाकण लावलं आणि दोरी ओढली.

एका हिसक्यात सुरू झाली! आवाजही मोठा, मोकळा. मला इतका आनंद झाला की मी एकटाच ओरडलो. सगळं मैदान कापलं, कडेच्या पायवाटेचं पण कापलं, जिथं गवत कमी आणि मातीच जास्त होती. काळ्या फुफाट्याचे लोट उठत होते आणि त्या लोटांतून मी मशीन पळवत होतो. गुदमरण्यातून सुटलेली ती मशीन सरळ फुफाट्यात घातली मी, शब्दशः. त्या बारीक धुळीचा एक एक कण इंजिनाच्या पोटात जात होता, हे मला माहीत असायला हवं होतं. ओला रुमाल माझ्याच तोंडावर दाबून मला ते शिकवलेलं होतं.

मुंबईचे साहेब आले, हरळीवर खुर्ची टाकून बसले, चहा प्याले. गवताकडं त्यांनी बघितलंही नाही. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोरी ओढली तर ती हातात अलगद आली, विहिरीत पोहरा नसताना रहाट फिरावा तशी. आत दाबच उरला नव्हता. मी पंचवीस वेळा ओढली. मग जाळी परत डबीत कोंबली, मशीन पुसून लख्ख केली आणि गोणपाटाखाली झाकून ठेवली.

उस्ताद आले ते बुंदीचे लाडू घेऊन. हातात लाडू दिला आणि लगेच विचारलं, "जाली?" मी जाळी काढून दिली. त्यांनी ती बोटांनी चोळली, हुंगली, मग जिभेला लावली.

"ये क्या है?"

"मीठं तेल. तुमीच बोल्ले ना, मीठे तेल में धो म्हनून."

"मिट्टी का तेल बोल्या मैं," ते म्हणाले. "मिट्टी का! ये चिराग में डालते सो!"

"राकेल?"

"क्या मालूम तुम लोगां क्या बोलते उसकू!"

आणि ते हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मीही हसलो, लाडू हातात तसाच. मग त्यांनी पाने घेतले आणि हसत हसतच इंजिन उघडलं. पिस्टन बाहेर काढला. आतल्या गुळगुळीत भिंतीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. त्यांचं हसू थांबलं.

"बिना जाली के चलाए?"

मी हौ म्हणालो.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते खाली मान घालून सुटे भाग एकेक करून फडक्यावर मांडत राहिले आणि म्हणाले, "साहब पूछे तो तू चुप बैठ, पाटील. मैं देखतूं."

आमचे साहेब नवे होते, पुण्याकडून बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण मशीन त्यांच्या कारकिर्दीत आली आणि त्यांच्याच कारकिर्दीत मेली, याचा जाब त्यांना वर द्यायचा होता. त्यांनी सगळ्यांना पंपाच्या खोलीपुढं उभं केलं. "हे कुणाचं काम?"

"जाली मेरे जिम्मे थी साहब," उस्ताद म्हणाले.

"तुम्ही तर रजेवर होता."

"जिम्मा तो मेराच."

मी शेजारी उभा होतो. माझ्या तळव्यावरचे फोड अजून ओले होते आणि मी मुठी मिटून घेतल्या होत्या. हेडक्लार्क साहेबांच्या कानाशी लागून, पण आम्हाला ऐकू जाईल इतपत म्हणाला, "जुन्या राजवटीतली माणसं आहेत ही. नव्या मशिनी चालाव्यात असं यांच्या मनात कुठं असतं!" साहेबांनी त्याला गप्प केलं नाही. चौकशी करू म्हणाले.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. जेवण पुढं आलं की उठावंसं वाटायचं, उठलं की कुठं जायचं ते कळायचं नाही. बागेत एकाच वाफ्याला दोनदोनदा पाणी घालायचो. उस्ताद मात्र नेहमीसारखे, पहाटे येऊन जीप धुवायचे. मशीनला आता जाळी लागत नव्हती. त्यांना ही नोकरी गेल्यावर दुसरी मिळणार नाही हे सगळ्या बंगल्याला माहीत होतं. साठीचा माणूस, वाचता येतं ते उर्दू, आणि लग्नात होतं नव्हतं ते सगळं खर्चून बसलेला. घरात माझ्या येरझारा बघून बायको शेवटी म्हणाली, "जावा आन् खरं काय ते सांगा. भुई झिजवून काय व्हनार हाय?"

मी गेलो. साहेबांच्या टेबलापुढं उभा राहून एका दमात सगळं सांगितलं. उस्ताद मिट्टीचं तेल म्हणाले, मला मीठं ऐकू आलं. जाळी चिकटली ती माझ्यामुळं. जाळी काढून मशीन चालवली ती मीच, कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. "बरं झालं बोललात," म्हणाले, "जबाब लिहून द्या." हेडक्लार्कनं लिहून घेतला. शुद्ध, शाईच्या वळणदार अक्षरात. मग कागद माझ्यापुढं सरकवला. "वाचता येतं ना? वाचा आणि सही करा."

मी वाचला. लिहिलं होतं: उस्ताद यांनी रजेवर जाताना हवेची जाळी गोड्या तेलात धुण्यास मला सांगितले. त्याप्रमाणे मी केले. त्यामुळे जाळी बंद होऊन मशीन निकामी झाली.

एवढंच. मला तसं ऐकू आलं, हे नव्हतं. मी जाळी काढली, हे पण नव्हतं. दोन गोष्टी गळल्या होत्या आणि दोन्ही माझ्या होत्या.

मला दिसलं नाही असं मी कधी म्हणणार नाही. दिसलं. दौतीत टाक बुडवून हेडक्लार्कनं माझ्या हातात दिला, आणि मी तो धरून उभा राहिलो तेवढ्यात मनात काय काय आलं ते मला अजून क्रमानं आठवतं. आधी वाटलं, सांगावं, हे राहिलं म्हणून. मग वाटलं, मी तर तोंडानं साहेबांना सगळं सांगितलंय, त्यांनी ऐकलंय, कागदाचं काय एवढं. मग वाटलं, आपली नोकरी पण रोजंदारीचीच आहे. आणि सगळ्यांत शेवटी वाटलं की हे एकदाचं संपू दे, मला इथून बाहेर पडायचंय. टाकातून शाईचा थेंब पडेल म्हणून हेडक्लार्क "करा, करा" म्हणाला. मी सही केली. बाहेर आलो तेव्हा खरं सांगतो, मला मोकळं वाटलं. त्या दिवशी चार दिवसांनी पोटभर जेवलो. ते जेवण आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

पंधरवड्यानं उस्तादांच्या हातात एक लखोटा पडला. साहेब फिरतीवर होते. मी पंपाच्या खोलीत नळीला चकती बसवत होतो, तेव्हा ते आत आले आणि उलट्या डब्यावर बसले. कागद उलगडून त्यांनी तो हातभर लांब धरला, मग जवळ आणला. वर राजमुद्रा, खाली साहेबांची सही, आणि मध्ये सगळं मराठीत टाइप केलेलं. अक्षरं त्यांना दिसत होती, लागत नव्हती.

"निकाले करके बोल्या बाबू," ते म्हणाले. "काय कू निकाले वो नै बोल्या. पढ़ को सुना, पाटील."

हात पुसायला मी जरा जास्तच वेळ लावला. मग कागद घेतला आणि वाचायला लागलो. वाचायचो आणि थांबून त्यांना समजेल असं सांगायचो. सदर मशीनच्या बिघाडाची चौकशी केली असता. माळ्याचा जबाब घेतला असता. इथपर्यंत ठीक. पुढच्या ओळीला माझी स्वतःची वाक्यं होती, जशीच्या तशी, अवतरणात.

ती मला वाचता येईनात. उस्ताद मान तिरकी करून ऐकत होते. मी कागदावर बोट ठेवलं आणि जे तिथं नव्हतं ते वाचलं. उस्तादांनी जाळी मिट्टीच्या तेलात धुण्यास सांगितले होते. मला ते चुकून मीठे तेल असे ऐकू आले. त्यानंतर कोणी सांगितले नसता मी जाळी काढून मशीन चालवली. त्यामुळे मशीन निकामी झाली. शुद्ध, कागदी मराठीत वाचलं, बोट ओळीवरून सरकवत वाचलं. मग खालची ओळ खरी वाचली: सबब आपली सेवा अमुक तारखेपासून समाप्त करण्यात येत आहे.

मी कागद हातातच धरून उभा होतो, घडी घालू की नको ते कळत नव्हतं. उस्तादांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते माझ्याकडं नाही, कागदाकडं बघत होते.

"इत्ता सब सच लिखे," ते म्हणाले, "फिर मेरेकू निकाले काय कू?"

मी म्हणालो, सरकारी कामं अशीच असतात. त्यावर त्यांनी मान डोलावली, माणूस पटल्यावर डोलावतो तशी. उठले आणि कागदासाठी हात पुढं केला. मी दिला नाही. "राहू द्या उस्ताद, कशाला ठेवता हे," असं काहीतरी मी बोललो आणि कागद मागं घेतला. पण त्यांनी तो माझ्या बोटांतून हळूच सोडवून घेतला, घडीवर घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

"नै नै, मेरेकू होना," ते म्हणाले. "जमाई मास्टर है पाथरी में. अबी मराठी का इम्तिहान पास हुआ. उसकू दिखाऊंगा, बोलूंगा पढ़ के देख, हमारा पाटील कैसा सच बोल्या."